शुक्राचं झाड

आमच्या राहात्याच्या घरात ग्रहताऱ्यांतलं कळणारी मी एकटीच, असा माझा समज होता. माझे वडील श्रीगोंद्याला पत्रिका मांडायचे. कुठल्या ग्रहाला कुठल्या झाडाची समिधा लागते, हे मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ. सासरी इतक्या वर्षांत त्याबद्दल मला कुणी अवाक्षर विचारलं नाही. आणि धाकट्या जावेनं महिनाभर मोबाईलवर शिकून टॅरोचे, म्हणजे भविष्य सांगायचे चित्रांचे पत्ते मागवले, तर गल्लीतल्या बायका दुपारच्या तिच्या पडवीत बसायला लागल्या. माझी मुलगीसुद्धा.

माझा नुसता जळफळाट व्हायचा. बायकांचं एक वेळ सोडा, पण कॉलेजातून आलेली माझी पोर चपला काढून सरळ काकीच्या खोलीत जायची. दार लोटलेलं, आत खुसखुस. मी डोकावले की दोघी गप्प. माझ्या वाट्याला 'भाजी कसली केलीस' एवढंच यायचं.

एका सकाळी जाऊ स्वयंपाकघरात आली. हातात एक पत्ता. सिंहासनावर बसलेली राणी, डोक्यावर ताऱ्यांचा मुकुट, पायाशी पिकलेला गहू, अंगरख्यावर डाळिंबं. डाळिंबं तेवढी आमच्या बागेतलीच वाटावीत अशी.

"ताई, ही सम्राज्ञी. शुक्राची हाय. एका पोरीला लागोपाठ तीनदा हीच आली. लग्नाचं हाय तिच्या मनात. शुक्राचं झाड कंचं वो? त्याची काडी उशाखाली ठेवायला सांगते तिला."

उंबर. अगदी ओठांवर आलं होतं. पण मी ते सांगायचं आणि पडवीत वाहवा हिची व्हायची? विद्या माझ्या वडिलांची, मिरवायची हिनं?

"खैर," मी म्हणाले. कणीक मळताना वरसुद्धा बघितलं नाही.

खैर मंगळाचा. लग्नाच्या मुलीच्या उशाखाली मंगळ. कुणाची कोण पोर, म्हणून मी हात झटकले. जावेचं पितळ उघडं पडेल या कल्पनेनं त्या दिवशी चपात्यासुद्धा छान फुगल्यासारख्या वाटल्या.

चार दिवसांनी मुलीची गादी झटकताना उशीखालून लाल दोरा गुंडाळलेली काडी पडली. खैर मी डोळे मिटूनही ओळखेन. ती पोर माझीच होती. तिच्या मनात कुणीतरी होतं आणि ते मला सोडून काकीला ठाऊक होतं. लिहायला लाज वाटते, पण भीतीच्या आधी मला पुन्हा जावेचा हेवाच वाटला.

मुलगी केस विंचरत दारात आली. माझ्या हातातली काडी बघून आधी बावरली, मग म्हणाली, "असू दे ना आई तिथंच. शुक्राची आहे."

"कुणी सांगितलं?"

"काकीनं. पण तिला कुठलं ठाऊक असायला? मीच म्हटलं होतं, झाडाचं आईला विचार. आईचं कधी चुकत नाही."

तिनं काडी माझ्या हातातून घेतली, उशीखाली सारली आणि वरून उशी नीट केली. मी चादरीच्या सुरकुत्या काढत राहिले.