दर गुरुवारची खरखर

"आजकल रेडियो कौन सुनता है जी?" हे वाक्य मी त्या दीड महिन्यात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं, की पुढचा कुणी म्हणाला असता तर मी त्याच्या अंगावरच गेलो असतो. अरे बाबा, मी ऐकतो. माझी बायको बोलते त्यावर. तुला काय करायचंय कोण ऐकतं आणि कोण नाही ते? तू तार बघ.

बायको लग्नाआधी सांगलीला रेडिओवर निवेदिका होती. माझ्या नोकरीपायी इकडे आलो आणि तिचं बोलणंच बंद पडलं. चंदीगडमध्ये मराठी निवेदिका कुणाला हवी? आठ वर्षं तिनं चंदीगडजवळच्या खरड गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये लोकांच्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या, त्याही हिंदीतून. मग मोहालीच्या बाजूच्या एका कॉलेजनं आपला छोटासा रेडिओ सुरू केला आणि तिला दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते साडेसहा मराठी कार्यक्रम दिला. कॉलेजच्या आसपास पाच-सात किलोमीटर ऐकू येणार, बस्स. इंटरनेटवर नाही, ध्वनिमुद्रण ठेवत नाहीत. जे काय ते तेव्हाच आणि तिथेच. नेमका मी त्या वेळी आयटी पार्कातून घरी यायला निघालेला असतो आणि मोहाली माझ्या वाटेतच. ती एवढंच म्हणाली, "तू ऐक आणि मला खरं सांग. आता माझा मलाच भरवसा राहिला नाही."

पहिल्या गुरुवारी सहाला मी ऐटीत रेडिओ लावला. नुसती खरखर. मधेच तिचा "नमस्कार" आल्यासारखा वाटला आणि परत खरखर. घरी येऊन मी खरं ते सांगितलं. "असू दे," ती म्हणाली, पण चेहरा एवढासा झाला तिचा.

गाडी जुनी घेतलेली, सहा महिन्यांपूर्वी. इथे आम्हा मराठी लोकांचा एक ग्रुप आहे. कुणाची बदली झाली की फ्रिज, कपाट, गाडी, सगळं त्या ग्रुपवर विकायला निघतं आणि आम्ही ते डोळे झाकून घेतो. आपला माणूस आहे, फसवणार नाही, एवढी एकच तपासणी. हाही गृहस्थ कोल्हापूरचा निघाला. त्यानं पोहे खिलवले, तालुका विचारला, दोन ओळखी निघाल्या. "गाडी म्हणजे माझी लेकच समजा साहेब," म्हणाला. परमुलुखात तासभर कोल्हापुरी ऐकून मी असा विरघळलो की चक्कर मारायची राहूनच गेली, रेडिओ लावून बघणं तर दूरच. पंजाब्याकडून घेतली असती तर खाली वाकून सायलेन्सरसुद्धा ठोकून पाहिला असता मी.

चंदीगडातच मनीमाजऱ्याला गाड्यांच्या दुरुस्तीचा मोठा बाजार आहे, तिथे गेलो. पहिल्या मेकॅनिकनं खरखर ऐकलीसुद्धा नाही. "सेट पुराना है जी," म्हणून जुना काढला आणि भलीमोठी स्क्रीन बसवली. त्या स्क्रीनवर नकाशा दिसतो, पिक्चर दिसतो, मागचा रस्ता दिसतो. रेडिओ लावला की खरखर, फक्त आता चारही स्पीकरमधून स्वच्छ. त्याला सांगितलं तर म्हणतो, आजकल रेडियो कौन सुनता है. दुसरा म्हणाला, तुमच्या फोनच्या चार्जरमुळे होतं. चार्जर उपटला. खरखर तसूभर कमी झाली म्हणे, त्याला ऐकू आली, मला नाही. तिसऱ्यानं काचांवरची काळी फिल्म दोषी धरली. "सिग्नल खाती है." तीही काढली. ऐन मे महिन्यात मी भाजत घरी येऊ लागलो, आणि खरखर होती तिथेच. एकानंही, हो, एकानंही वर मान करून छपराकडे पाहिलं नाही.

ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "यार, एक ट्रान्झिस्टर घे आणि कॉलेजच्या फाटकाशी थांबून ऐक." त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण माझं डोकं फिरलेलं. माझ्या गाडीत रेडिओ आहे, त्यावर मी पैसे ओतलेत, मी फाटकाशी भिकाऱ्यासारखा का उभा राहू? मला तिला ऐकायचं होतं हे खरं, पण त्याहून जास्त मला त्या बाजाराला नमवायचं होतं. हे आज कबूल करतो. तेव्हा कुणी बोलून दाखवलं असतं तर त्यालाही चार शब्द सुनावले असते.

आणि दरम्यान मी काय केलं? थापा मारल्या. दुसऱ्या गुरुवारी ती स्कूटीवरून घरी आली, दारातच "कसा झाला?" म्हणाली आणि मला तो एवढासा चेहरा परत बघवेना. "छान झाला," म्हणालो. तिसऱ्या गुरुवारी "मस्त". चौथ्याला "शेवट जरा घाईत उरकलास", म्हणजे खरं वाटावं म्हणून. ती त्यावर दोन दिवस विचार करत होती. वहीत काहीतरी लिहूनही ठेवलं तिनं.

पाचव्या गुरुवारी मीच आधी म्हणालो, "आजचा सगळ्यात चांगला."

तिनं हेल्मेट काढून खुंटीला लावलं. "आज माइक बंद पडला होता," ती म्हणाली. "अर्धा तास त्यांनी पंजाबी गाणी लावली."

भांडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि कुकर लावला.

त्या शनिवारी खरडमध्येच पंक्चर काढायला थांबलो होतो. तिथल्या म्हाताऱ्या सरदारजींनी सहज छपरावर हात टेकला, तर वरची ती शार्कच्या पंखासारखी ऐटबाज एरियल हलली. त्यांनी ओढली, ती हातात आली. आतून पोकळ प्लास्टिक, खाली दुहेरी चिकटपट्टी. "ये तो शो का है जी," ते म्हणाले. खाली खरी एरियल बसवायची जागा तशीच होती, फक्त दांडी काढून टाकलेली. नवी दांडी फिरवून बसवायला एक मिनिटही लागलं नाही. मी तिथूनच कोल्हापूरकरांना फोन लावला. "हां हां, ते होय? मुलाची हौस हो. आणि रेडिओ कोण ऐकतंय आता?" एवढ्या गोड मराठीत माझ्या तळपायाची आग कधी मस्तकात गेली नव्हती. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

पुढच्या गुरुवारी मोहालीत शिरलो आणि ती आली. लख्ख. शेजारी बसून बोलावं तशी. हवाई दलातल्या अधिकाऱ्याच्या बायकोशी गप्पा होत्या. अकरा घरं बदललेली बाई. सांगत होती की एका क्वार्टरचे पडदे दुसऱ्या क्वार्टरच्या खिडक्यांना कधीच बसत नाहीत, म्हणून तिच्याकडे एक ट्रंक भरून नुसते पडदेच आहेत. सांगता सांगता ती मधेच थांबली. माझ्या बायकोनं काहीच विचारलं नाही. चार-पाच सेकंद रेडिओवर शांतता होती आणि तिनं ती तशीच राहू दिली. मी गाडी कडेला घेतली. ही बायको आठ वर्षं माझ्या घरात होती आणि हिला हे येतं, हे मी विसरूनच गेलो होतो.

ती घरी आली. "कसा झाला?" म्हणाली नाही. मीच मागे लागलो. पडद्यांची ट्रंक सांगितली, अकरा घरं सांगितली, आणि ती बाई गप्प झाल्यावर तू थांबलीस ना, तिथे मला गाडी बाजूला घ्यावी लागली, हेही सांगितलं.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

"अगं, मी स्वतः ऐकलं. एरियल बसवली नवी. चल खाली, लावून दाखवतो."

"कार्यक्रम संपला ना आता," ती म्हणाली. "काय दाखवणार आहेस?"