औषधवाल्यांनी निवडलेलं पाकीट

“औषधवाल्यांनी निवडलंय म्हणजे नीट बघूनच निवडलं असणार.”

“हो का! आणि मी जन्मभर डोळे मिटून रांधलं?”

“अहो, तुमचा विषय कुठे आला यात?”

“तेच तर म्हणतोय! माझा विषयच येत नाही!”

डावकाकांनी हातातला डाव कढईच्या काठावर असा आपटला की शेजारचं कुत्रं भुंकलं. डावकाका हे नाव वसतिगृहातल्या पोरांनी ठेवलेलं. उभी हयात त्यांनी तिथल्या स्वयंपाकघरात घालवली. पोरं ताटं चाटूनपुसून खायची, तरी ‘आज जरा घाई झाली हं’ असं म्हणून आणखी कौतुक उकळायचं, ही त्यांची जुनी खोड. निवृत्त झाले आणि कौतुक करणारं तोंड उरलं एकच, बायकोचं. तिने पहिल्या घासाला मान डोलावली की यांचा दिवस सोन्याचा.

पण तीही पोस्टातून निवृत्त झाली, गुडघे आखडू नयेत म्हणून रविवारी टेकड्या चढणाऱ्या मंडळींत सामील झाली आणि तिथे तिला भेटले औषधवाले. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचे मालक. सडसडीत, विधुर, आणि गुडघे अगदी शाबूत.

त्या मंडळींत कोणी डबा आणत नसे. ओझं होतं, वर पोचेपर्यंत गारढोण होतं. ज्याने त्याने तयार जेवणाचं पाकीट आणायचं, वर मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं आणि सगळी पाकिटं त्यात सोडायची. कुठलं पाकीट घ्यायचं ते ठरवायचे औषधवाले.

“डोंगराचं चित्र छापलेलं घ्यायचंच नाही म्हणतात ते,” बायको सांगत होती. “चित्राचे पैसे आपल्याच खिशातून जातात. किराण्याच्या दुकानात खालच्या फळीवर तसंच पाकीट निम्म्या किमतीत असतं. आणि मागची बारीक अक्षरं वाचायची. वजनात जेवण किती अन् नुसता रस्सा किती, ते कळतं.”

“गोळ्या विकणाऱ्याला बारीक अक्षरांशिवाय दुसरं काय वाचता येणार?”

“शिवाय तिखट नको. वर पाणी जपून प्यावं लागतं.”

“म्हणजे माझ्या हातचं तिखट असतं?”

“असं कुठे म्हटलं मी?”

म्हटलं नव्हतं. पण डावकाकांनी ऐकलं होतं.

शनिवारी दुपारी ती बुटांचे तळ शिवून आणायला गेली, तेव्हा त्यांनी फळीवरचं उद्याचं चंदेरी पाकीट उतरवलं. मटार-भात. उलटंपालटं केलं. खालची कड सुरीने अलगद उघडली, भात ताटलीत काढला आणि उभ्या उभ्या एक घास घेतला.

चांगला होता. मेला चांगला होता! दाणा मोकळा, मीठ बेताचं. आतल्या आत जळफळत त्यांनी तो सगळा संपवला.

मग कंबर कसली. कांदा लालसर होईपर्यंत परतला, मटार तुपात घोळवले, भात एक कण कमी शिजवला. राहिलेली कसर उद्या उकळत्या पाण्यात भरून निघेल. तिखट मुद्दाम हात आखडून घातलं. सगळं पंख्याखाली गार केलं, पाकिटात भरलं आणि कडेवर फडकं ठेवून इस्त्री फिरवली. एका कोपऱ्यात फडकं सरकलं. कड जराशी वाकडी झाली, पण चिकटली पक्की. थंडीचे दिवस; उद्या दुपारपर्यंत काही बिघडायचं नाही.

आता फक्त एका घासाचा प्रश्न होता. ती पहिला घास घेईल, थबकेल आणि म्हणेल, “अगं बाई, हे तर आमच्या ह्यांच्या हातचं!” सगळ्यांसमोर. औषधवाल्यांसमोर.

रविवारी डावकाकांना दिवसभर काही सुचलं नाही. संध्याकाळी ती आली, पाय धुऊन कॉटवर टेकली.

“जेवण कसं होतं?” त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं.

“अहो, गंमतच झाली. एक नवीन बाई पाकीट न आणताच आल्या. औषधवाल्यांनी स्वतःचं त्यांना देऊन टाकलं.”

“मोठा दानशूर! मग स्वतः काय खाल्लं?”

“माझ्यातलंच की. एकाच पाकिटात दोघं जेवलो.”

डावकाका खुर्चीत सावरून बसले. “एकाच?”

“दोन चमचे घेऊन. मी थोडंच खाल्लं, बाकी सगळं त्यांनीच संपवलं. पाकीट पुसून खाल्लं हो! बायको गेल्यापासून असं जेवलो नाही म्हणाले. मग सगळ्यांना ऐकवत बसले, बघा, खालच्या फळीवरचं, स्वस्तातलं, पण निवड कशी आहे!”

“निवड!” डावकाकांचा आवाज चिरकला. “आणि तुला? तुला कसं लागलं?”

“मला काय,” ती म्हणाली, “मला रोजच्यासारखंच लागलं.”

ती उठली, उद्याचे कपडे काढले, इस्त्री हातात घेतली आणि उलटी करून उजेडात धरली. तळाला काहीतरी चंदेरी चिकटलं होतं. तिने ते नखाने खरवडलं. नवऱ्याकडे बघितलं नाही.

“पुढच्या वेळी सगळ्यांसाठी तेच घ्यायचं म्हणतायत औषधवाले. नेमकं कुठलं ते विचारायला उद्या सकाळी घरीच येणार आहेत. काय सांगू त्यांना?”

खरं सांगावं तर तो माणूस याच खोलीत बसून डावकाकांच्या हाताचं कौतुक करणार, आणि शनिवारची ती जळकी दुपारही चव्हाट्यावर येणार. न सांगावं तर कौतुक त्याच्या निवडीच्या खात्यात. ते उठले आणि त्यांनी चपला पायात सरकवल्या.

“अहो, काय सांगू?”

काय सांगायचं ते तिच्यावरच सोडून, दार लोटून ते जिना उतरू लागले.