सौंसरच्या बाजूचा एकटा माणूस

शेजारच्या सौंसरच्या टीमची बास्केटबॉल मॅच असली की नामदेवराव संत्र्याची रिकामी पेटी डोक्यावर घेऊन आमच्या पांढुर्ण्याच्या मैदानात यायचे. पाहुणे ज्या बोर्डावर बास्केट टाकणार, त्याच्यामागे ती पालथी घालून बसायचे. हाफटाइमला बाजू बदलल्या की पेटी उचलून दुसऱ्या टोकाला! ते मूळचे सौंसरचे. घरजावई होऊन पांढुर्ण्यात आले, मंडीत संत्र्याच्या पेट्या ठोकू लागले, आणि गावाने त्यांचं नावच पुसून टाकलं. लहानथोर सगळे त्यांना 'जवाई' म्हणत. सासू-सासरे गेले, बायको गेली, मूलबाळ नव्हतं, तरी हे आपले जवाईच.

"आला पाहा दहावा ग्रह!" मी पायऱ्यांवरून डिवचायचो. "पांढुर्ण्याचं मीठ खाऊन राहिले, अन् टाळी सौंसरले?"

"मीठ इथलं, नाळ तिथली," ते म्हणायचे. "जवायाले दोन गावं रायतात बापू, अन् एकबी नाही रायत."

सौंसरची टीम आमच्याकडच्या हिवाळी स्पर्धेत दरवर्षी पहिल्याच फेरीत गारद व्हायची. पण त्या हिवाळ्यात ती थेट फायनलला आमच्यासमोर उभी राहिली. गावात नुकते टीव्ही आले होते, तरी त्या दिवशी सारं पांढुर्णा मैदानात. तिकडचे मात्र बसने आलेले सात पोट्टे, आणि त्यांच्या बाजूने एकटे जवाई.

शेवटी आम्ही एका पॉइंटने पुढे होतो. आता फक्त शिट्टी वाजायची बाकी, अन् आमच्या टीममधल्या एका गाढवाने त्यांच्या उंच पोराला ढकललं! दोन फ्री थ्रो. आम्ही असा गलका केला की तो पोरगा घाईघाईने बॉल आपटायला लागला. तेवढ्यात बोर्डामागे जवाई पेटीवर उभे राहिले.

"घाई नको करू बापू! चिल्लावू दे त्यायले. मी आहो न इथं!"

पोराने त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन्ही टाकले. शिट्टी वाजली, सौंसर जिंकलं. साऱ्या मैदानात एकाच माणसाच्या टाळ्या ऐकू येत होत्या.

जवाई धावत त्या पोरांकडे गेले. "मीबी सौंसरचाच रे!"

"कोनाच्या घरचे?" कॅप्टनने जरा बिचकतच विचारलं.

त्यांनी वडिलांचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली. पोरं एकमेकांकडे बघू लागली. "नाही ओळखलं काका. तुम्ही तं इथलेच दिसता." शेवटची बस लागली होती, पोरं तिकडे पळाली.

मी हरल्याच्या रागात जळत होतो. "झाली खुशी, जवाई?"

ते पेटीवर बसले होते. "झाली न. पन खुशीले दोन मानसं लागतात, बापू. एकट्यानं काय करा तिचं?"

पावसाळ्यात ते तापाने गेले. खांदा आम्हीच दिला. सौंसरला कळवायचं तर कुणाला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात सौंसरची टीम पुन्हा आली. तो उंच पोरगा मॅचआधी बोर्डामागे शोधत फिरला, मग माझ्याकडे आला.

"भाऊ, आमचे काका नाही दिसून राहिले? थे पेटीवाले?"

आमचे! हा एवढा शब्द ऐकायला जवाई असायला हवे होते. मी म्हटलं, "गेले." तो कोर्टवर परतला.

मॅच सुरू झाली. त्याने पहिली बास्केट टाकली तेव्हा पायऱ्यांवर मी एकट्याने टाळ्या वाजवल्या. सारं पांढुर्णा माझ्याकडे वळून पाहायला लागलं, तरी वाजवत राहिलो.