पाडव्याच्या ताटातलं ढेकूळ

"त्या काळात तुम्ही हौसेनं शेतावर राबायला जात होता, किती छान!" असं हल्ली कुणी म्हणालं की माझं टाळकं सणकतं. हौस कसली डोंबलाची! आता पोरंपोरी पाठीला पिशव्या अडकवून कुणाच्या तरी शेतावर 'माती जिवंत करायला' जातात, शेणात हात घातलेले फोटो काढतात आणि सोमवारी ऑफिसात दाखवतात. जाऊ देत बापडी. पण मला त्यांच्यात बसवू नका. मी गेले ती माझ्या थोरल्या बहिणीसाठी, आणि तिथं जे बघितलं त्याचा राग अजून माझ्या पोटात तसाच आहे.

आम्ही माहेरच्या उचगावच्या. आक्काला दिली सदलग्याच्या अलीकडं, दूधगंगेच्या काठच्या एका गावात. मी तेव्हा बेळगावात मराठी शाळेत बाई होते, खोली घेऊन एकटी राहायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बेळगावहून चिकोडी, चिकोडीहून पुढची गाडी, आणि फाट्यापासून चालत. रविवारी संध्याकाळी परत. ऐंशी सालाच्या अलीकडपलीकडची ही गोष्ट.

आक्काच्या सासरी दोन भाऊ. थोरला आणि आमचे दाजी. जमिनीचे तुकडेही दोन. एक नदीकाठचं रान, काळं, पाण्याचं. दुसरं माळाचं, मुरमाड, पावसावरचं. सासऱ्यांनी मरण्याआधी एक रीत घालून दिली होती. जमीन वाटायची नाही, फिरवायची. तीन वर्षं नदीचं रान एकानं करायचं, माळाचं दुसऱ्यानं. चौथ्या पाडव्याला अदलाबदल. त्या दिवशी दोघा भावांनी आपापल्या रानातलं एक ढेकूळ ताटात घालून आणायचं, गुढीपुढं ठेवायचं, आणि सासूनं ह्याचं ताट त्याच्या हातात आणि त्याचं ह्याच्या हातात द्यायचं. झालं, रानं फिरली. गावात ह्या रीतीचं केवढं कौतुक! भावाभावांत कोर्टकचेरी नाही, भांडण नाही.

भांडण नव्हतं हे खरं. पण मला सांगा, तीन वर्षांनी जे रान भावाच्या घशात जाणार, त्याला शेणखत कोण घालील? जो तो आपल्या पाळीत जमेल तेवढं ओरबाडून घ्यायचा. माळावर तंबाखूमागं तंबाखू, नदीवर उसामागं ऊस. थोरल्याच्या पाळीत तर नदीवरचं इंजिन बंदच व्हायचं नाही. पाणी सोडलेलं आणि हा गावात पान खात उभा. जोडीला पिशव्यांवर पिशव्या खत. शेवटच्या साली ऊस कमरेएवढासुद्धा वाढला नाही. पाडव्याला दाजींच्या हातात ताट आलं तेव्हा रानावर पांढरा थर धरला होता, मीठ शिंपडल्यासारखा. गावात त्याला रान फुटलं म्हणत. फुटलेलं रान सोडून द्यायचं असतं, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

आक्काला ते मान्य नव्हतं. ती रानात गेली, चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. थुंकली. दहा पावलं पुढं जाऊन परत तेच. मी म्हटलं, "आक्का, डोहाळे लागलेत का काय तुला?"

"गप गं. कुठं किती खारट हाय बघतोय," ती म्हणाली. आमच्याकडं बायकाही 'बघतोय, करतोय' असंच बोलतात. "हितलं पानी हितंच मुरतंय. त्येला वाट न्हाय. वाट दिली तर मीठ धुवून जाईल."

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. खानापूरच्या बाजूला आमच्या मामांच्या भातात तिनं पाणी काढून देणारे चर बघितले होते. तर तो चर आम्ही खणला. रानाच्या खालच्या अंगानं, ओढ्यापर्यंत. दाजी, आक्का, तिच्या दोन मुली आणि शनिवार-रविवारची मी. माझ्या हाताला असे फोड आले की सोमवारी खडू धरवेना. शाळेतल्या दोघीजणी एकदा मोठ्या उत्साहानं आल्या होत्या मदतीला, नाकाला पदर लावून तासभर उभ्या राहिल्या, आणि नंतर वर्षभर स्टाफरूममध्ये आपल्या श्रमदानाच्या गोष्टी सांगत होत्या. गावातले लोक मला बिनपगारी मास्तरीण म्हणायचे. थोरला तर चरावर उभा राहून विचारायचा, "काय पाव्हणीबाई, सोनं घावलं का?"

पहिल्या पावसाळ्यात काहीच पेरलं नाही, फक्त धैंचा. खारट मातीतही उगवतो तो. डोक्याएवढा झाला, फुलावर आला, की बैल घालून तसाच गाडून टाकायचा, कुजून खत व्हावं म्हणून. लोक हसले. हिरवं पीक कुणी मातीत घालतं का? पुढच्या वर्षी परत धैंचा, आणि सुगी झाल्यावर धनगराची बकरी रानात बसवली. आठवडाभर त्यांची लेंडी-मूत तिथंच मुरलं. पिशवीतलं खत एक मूठ नाही. तिसऱ्या वर्षी आक्कानं शाळू पेरला. हुरड्याला मी गेले तेव्हा ताटं माझ्या वर गेली होती. आक्का मला हाताला धरून मधोमध घेऊन गेली, खुरप्यानं माती उकरली आणि म्हणाली, "बघ." गांडुळं. ती माती तिनं जिभेवर ठेवली आणि थुंकली नाही. "अळणी हाय," म्हणाली आणि रडली. तिला रडताना मी फार कमी वेळा बघितलंय.

आणि पाडवा आला!

मी आधीपासून मागं लागले होते. सासूला सांग, ह्या खेपेला रान फिरवू नका. दाजींना सांग बोलायला. दाजी म्हणजे देवमाणूस, आणि अशा देवमाणसांचा मला भारी संताप येतो. "दादापुढं तोंड कसं उघडायचं?" एवढंच. आणि आक्कानं काय करावं? पाडव्याच्या सकाळी रानात जाऊन सगळ्यात चांगलं, काळंभोर, भुसभुशीत ढेकूळ शोधून आणलं, वर हळदकुंकू वाहिलं. अगं, एखादं पांढरं तरी आणायचंस! थोरल्यानं ते ताट बघितलं आणि त्याचे डोळे लकाकले. त्याच्या ताटात माळावरचा मुरूम, तंबाखू काढून काढून पार चोथा झालेला.

आक्का हळूच म्हणाली, "आत्याबाई, ह्या बारीला तेवढं राहू द्या. आत्ता कुठं रान सुधरालंय."

सासू म्हणाली, "तुज्या मामंजींनी घालून दिल्याली रीत हाय. मी मोडू?"

मला राहवलं नाही. सोप्यात सगळी भावकी बसलेली, मी पाहुणी, सुनेच्या माहेरची, तिथं तोंड उघडायचा मला काडीचा अधिकार नव्हता. मी उघडलं. म्हटलं, ज्यानं रान मारलं त्याच्याच हातात परत देताय, लाज वाटत नाही का? थोरला चिडलासुद्धा नाही. हसून म्हणाला, "पाव्हणीबाई, तुमास्नी कुणी बलिवलंतं का? हौस म्हणून आलासा. हौस फिटली न्हवं? आता पोळी खावा." सगळे हसले. दाजी खाली मान घालून बसले होते. ताटं बदलली.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. पोळीला हात न लावता मी निघाले. आक्का फाट्यापर्यंत आली. मी म्हटलं, "आता माळावर जीव काढू नकोस. तीन वर्षांनी तेपण जाणार त्याच्याच नरड्यात. काय उगवतंय ते घे आणि गप बस."

"व्हय," ती म्हणाली.

आणि काय केलं? पुढच्या महिन्यात मी गेले तर बाईसाहेब माळावर उताराला आडवे दगडाचे बांध घालत होत्या. मी तिथंच भांडले. तुला अक्कल आहे का, म्हटलं. ती म्हणाली, "मातीनं काय वाईट केलंय माजं?" पदर खोचला आणि दगड उचलायला लागले, पण शिव्या देत देत. बांधाआड माती अडली. तंबाखू बंद केली. मटकी, कुळीथ, तूर अशी मिसळून पेरली, बकरी बसवली. तिकडं नदीवर इंजिन परत धडधडायला लागलं होतं. थोरल्यानं आमचा चर मुजवून टाकला, उसाच्या दोन सरी जास्त बसतात म्हणून. पहिल्या साली त्याचा ऊस असा आला की गावभर डांगोरा. "हातगुण लागतो," म्हणायचा. कुणाचा हातगुण, मेल्या? मी बांधावरनं बघायचे आणि दात खायचे.

तिसऱ्या उन्हाळ्यात तिथं पांढरं दिसायला लागलं.

परत पाडवा. ह्या वेळी मी न बोलण्याची शपथ घेऊन गेले होते. थोरल्यानं ताट आणलं, आणि त्यात काय, काळं, मऊ, छान ढेकूळ! मी बघतच राहिले. रानावर पांढरा थर मी कालच डोळ्यांनी बघितला होता. पण शपथ घेतलेली. सासूनं ताट दाजींच्या हातात दिलं. आक्का पुढं झाली, ढेकळाचा कोपरा मोडला आणि सगळ्यांदेखत जिभेवर ठेवला.

"ही नदीच्या रानातली माती न्हाय," ती म्हणाली.

"मग काय आभाळातनं आणली?" थोरला.

"अळणी हाय. त्या रानाची माती आता अळणी न्हाय. ही तुमच्या उकिरड्याकडंची."

माझ्या बहिणीनं एवढ्या मोठ्यानं बोललेलं त्या घरानं कधी ऐकलं नव्हतं. सासूनं आक्काच्या थोरल्या मुलीला पिटाळलं, "जा, रानाच्या मधनं एक ढेकूळ आण." ढेकूळ आलं. म्हातारीनं त्याचा खडा तोंडात टाकला आणि तिथंच, गुढीपुढं, थुंकली. थोरल्याकडं बघून म्हणाली, "देवाम्होरं खोटी माती ठिवलीस व्हय रं?"

मला वाटलं, आला एकदाचा न्याय. माझा जीव असा हलका झाला म्हणून सांगू!

म्हातारी खाली बसली. म्हणाली, "आजपासनं फिरवाफिरवी बंद. हे रान धाकट्याचं, कायमचं. माळाचं थोरल्याचं, कायमचं. ही माझी जबान."

कळलं का काय झालं? नदीचं मेलेलं रान आमच्या आक्काला. आणि माळाचं, जिथं तिनं तीन वर्षं दगड वाहिले, जिथली तूर त्या साली बघत राहावी अशी आली होती, ते थोरल्याला. खोटं बोलणाऱ्याला बक्षीस! गावकरी माना डोलावत होते, खोटारड्याकडनं पाण्याचं रान काढून घेऊन म्हातारीनं कसा चोख न्याय केला म्हणून. थोरला तोंड पाडून बसला होता, पण तोंडच पाडलेलं, आतून हसत असणार. दाजींनी आईच्या पायावर डोकं ठेवलं. डोकं ठेवलं!

मी परसात गेले. माझ्यामागं आक्का आली. मी तिच्यावरच तुटून पडले. म्हटलं, तू गप कशी बसलीस? दोन्ही रानं तू सुधरवलीस आणि तुझ्या पदरात मीठ! आणि तुझं तोंड असं काय फुललंय?

तिचं तोंड खरंच फुललं होतं. "अगं, कायमचं म्हणाल्या," ती म्हणाली. "आता कुनी हलवत न्हाय मला तितनं. कवाच."



"चर मुजलाय सगळा," ती पुढं म्हणाली. "पयल्यापासनं खणाया पायजे. शनवारी येशील न्हवं?"

"अजिबात येणार नाही. मला राग आलाय, समजतंय का तुला? तुझा, दाजींचा, तुझ्या सासूचा, सगळ्या गावाचा राग आलाय!"

"मग रागातच ये," आक्का म्हणाली. "खणाया बरा पडतोय."

शनिवारी शाळा सुटली आणि मी स्टँडवर गेले. चिकोडीपर्यंत मनातल्या मनात एकेकाला शिव्या घालत होते. फाट्यावर उतरले तर आक्का दोन कुदळी घेऊन उभी होती.