वाद्याच्या आधी गवसणी नाही

श्री. अच्युतराव सबनीस, म्हणजे आमचे अण्णा, पहिल्यांदा बेंगळुरातल्या आमच्या चिकपेटच्या दुकानात आले ते बूट बाहेर काढून. शिंप्याच्या दुकानात अनवाणी पायानं येणारं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं, म्हणून लक्षात राहिलं. आमच्या घरात चार पिढ्या वाद्यांच्या गवसण्या शिवतात. वीणा, तंबोरा, मृदंग, सगळ्यांचे अंगरखे आमचेच. अण्णांनी एक लांबलचक कागद फरशीवर पसरला. होडीसारखं पोट, उंच वाकडी मान आणि मानेच्या टोकाला चक्क घोड्याचं तोंड.

"अक्का, याची गवसणी शिवून पाहिजे."

"ही कसली वाकलेली वीणा?"

"मंगोलियातलं वाद्य आहे. फार जुनं. तिकडच्या डोंगरातल्या गुहेत सापडलं, मोडलेलं."

"मग घेऊन या. कागदाला काय गवसणी घालू?"

"ते तिकडंच आहे. मी तसं नवं घडवतोय. अजून झालं नाही."

"सरी, ठीक आहे. आमच्यात मूल जन्मायच्या आधी झबलं शिवत नाहीत. झालं की या."

दुसरं कोणी रागानं पुढच्या दुकानात गेलं असतं. अण्णांनी कागदाची घडी केली आणि म्हणाले, "बरोबर आहे. तोवर मला शिवणीतलं थोडं शिकवाल?" मोठ्या सरकारी कारखान्यात विमानाच्या भागांचे लाकडी नमुने करण्यात ज्यांची उभी हयात गेली, ते साहेब चौथीत शाळा सुटलेल्या बाईला हे विचारत होते. मी स्टूल पुढे केलं. त्या दिवसापासूनची आमची ओळख, म्हणून त्यांच्या या गौरव अंकात मीही लिहिते आहे.

हे वाद्य त्यांच्या डोक्यात कसं शिरलं तेही सांगते. मल्लेश्वरममध्ये त्यांच्या शेजारी ओयुन नावाची मंगोलियाची बाई शिकायला म्हणून राहत होती. तिचे वडील जुनी वीरगाणी गाणारे. ही गाणी अशा वाद्यावर गात, एवढं त्यांनी त्यांच्या आज्याकडून ऐकलेलं, पण वाद्य कधीच विस्मरणात गेलेलं. गुहेतलं सापडल्यावर त्यांच्या देशात कारागीर ते पुन्हा घडवू लागले, तरी त्या म्हाताऱ्यांच्या गावापर्यंत एकही पोचलं नव्हतं. आता हृदयाच्या ऑपरेशनसाठी त्यांना बेंगळुरात आणायचं ठरलं होतं. ओयुनने अण्णांना फोटो दाखवला आणि एवढंच म्हणाली, की ऑपरेशनच्या आधी बाबांच्या कानावर तो आवाज पडला तर बरं. अण्णा "बघतो" म्हणाले. अण्णांचं "बघतो" म्हणजे काय, हे ज्यांनी त्यांच्याबरोबर काम केलंय त्यांना ठाऊक आहे.

त्यांनी फणसाचं लाकूड कोरलं. तारांना घोड्याचे केस पाहिजेत म्हणून वरातीच्या घोडेवाल्याकडे गेले, त्याच्या घोड्याला हप्ताभर गाजरं चारली आणि मग शेपटीला हात लावला. "आधी ओळख झाली पाहिजे," म्हणाले. कामातली त्यांची रीत ही अशी आहे.

अडलं ते चामड्यापाशी. लाकडाच्या पोटावर बकऱ्याचं ओलं कातडं ताणून मागच्या बाजूनं शिवायचं होतं. अण्णांनी चार वेळा केलं. कधी खिळ्यांनी लाकूड चिरलं, कधी शिवण तुटली. अण्णांच्या मंडळींचं, नलिनीवहिनींचं, तर सोवळ्याचं घर. "देवघराच्या भिंतीला लागून कातडं वाळतंय, अक्का! तुम्हीच सांगा यांना," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "वहिनी, तुमच्या भजनातला मृदंग काय भोपळ्याचा असतो?" तेव्हापासून त्यांनी मला चहा द्यायचा बंद केला नाही, पण साखर स्वल्प कमी झाली.

पाचवं कातडं मी शिवायला घेतलं. आता जे लिहिते ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. शिंपी कापड ओढून शिवतो, कारण कापड वापरानं ढिलं पडतं. साठ वर्षांची ती सवय. अण्णा म्हणाले, "अक्का, जरा सैल ठेवूया का?" मी म्हटलं, "शिवण कोणाची? तुमची का माझी?" त्यांनी कातडं माझ्यापुढे सरकवलं. मी टाका टाका दातानं ओढून घेतला, अगदी तबल्यासारखं टणक केलं. पण चामडं कापड नव्हे. वाळताना ते स्वतःच आकसतं. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. माझे टाके शाबूत होते, कातडं मात्र टाक्यांच्या भोकांवरून चरचरत फाटलं होतं. ओयुनचे बाबा यायला आठ दिवस होते.

मी गेले तेव्हा ओयुन तिथंच होती. मी तोंड उघडायच्या आत अण्णा तिला म्हणाले, "ताण किती असावा ते मला नीट सांगता आलं नाही. अक्कांची शिवण बघा, एक टाका हललेला नाही." खोटं नव्हतं, आणि पुरतं खरंही नव्हतं. एवढ्या लोकांनी मला कामात नावं ठेवली, मी प्रत्येकाला दोन ऐकवली. त्या दिवशी मात्र मी खाली बसून फाटक्या कातड्यातले टाके उसवायला घेतले. मग अण्णांनी वही पुढे ओढली. प्रत्येक चुकलेल्या कातड्याचं त्यात टिपण होतं. "आता सांगा अक्का, पुढचं किती सैल?" मी म्हटलं, "माझ्या गालाएवढं." त्यांनी तेच शब्द लिहिले. ती वही अजून आहे, कोणीही पाहू शकतं.

सहावं कातडं आम्ही दोघांनी मिळून चढवलं. टाका मी घालत होते, कातडं ते धरत होते. मी ओढायला लागले की ते नुसतं खाकरायचे. शिवून झालं तेव्हा ते पोट असं लोंबत होतं की वहिनीसुद्धा "अगंबाई" म्हणाल्या. हवा ढगाळ. कोणीतरी केस वाळवायचं यंत्र लावा म्हणालं. अण्णांनी नाही म्हणून मान हलवली. चार दिवस स्वयंपाकघरात शेगडीपासून लांब टांगून ठेवलं आणि दर दोन तासांनी बोटानं वाजवून पाहिलं. पाचव्या दिवशी त्यातून घुमारा आला.

ओयुनचे बाबा इस्पितळात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी मल्लेश्वरमला आले. जाडजूड, दम लागलेला माणूस. त्यांनी वाद्य आधी हुंगलं. घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. मग मांडीवर घेऊन तारा छेडल्या आणि खोल घशातून गायला लागले. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. ओयुन भिंतीकडे तोंड करून उभी होती. गाणं संपल्यावर ते मुलीशी काही बोलले आणि ती हसत-रडत म्हणाली, "बाबा म्हणतात, आवाज बरोबर आहे. पण घोड्याचे कान मागे पडलेत. हा घोडा रागावलाय."

इतक्या खटपटीनंतर हे ऐकून मी असते तर दार दाखवलं असतं. अण्णांनी वही काढली. ते बाबा इस्पितळात होते तेवढ्या दिवसांत अण्णांनी घोड्याचे कान नव्यानं कोरून पुढे बसवले. ऑपरेशन नीट झालं. ते मंगोलियाला परतायच्या दोन दिवस आधी अण्णांनी ते वाद्य म्हाताऱ्यांच्या हातात ठेवलं आणि मला म्हणाले, "अक्का, आता जन्मलंय. शिवा." मी दोन दिवसांत लाल खादीची गवसणी शिवली, आत पिंजलेल्या कापसाचा थर, घोड्याच्या कानांना वेगळी टोपी.

"एवढं करून तुमच्याकडे काय उरलं?" मी विचारलं.

"कागद आहे की," अण्णा म्हणाले. "आणि आता आपल्या दोघांना करता येतं."

त्या "दोघांना" या शब्दाबद्दल मी त्यांचे आभार मानलेले नाहीत. आमच्यात तोंडावर आभार मानत नाहीत, म्हणून इथं छापून मानते.

अण्णांनी दुसरं वाद्य घडवायला घेतलंय. लाकूड कोरून झालं, कान या वेळी पहिल्यापासून पुढे आहेत. पण सभासत्कार आणि गुडघेदुखी यांत कातडं तसंच राहिलंय. त्यांना उदंड आयुष्य मिळो असं सगळे लिहितीलच. माझं मागणं तेवढं मोघम नाही. देवानं त्यांची नजर, बोटं आणि गुडघे धड ठेवावेत, आणि अण्णांनी ते वाद्य पुरं करून स्वतः वाजवावं. त्याच्या गवसणीसाठी मी निळी खादी आणून ठेवली आहे. कापलेली नाही.