झांजिबारचं घर मी कल्याणात पाहिलं

मागच्या माघातली गोष्ट. आम्ही दोघं ठाण्याहून सकाळच्या गाडीनं कल्याणला गेलो… झांजिबारचं घर बघायला!

हसू नका. खरंच तसं झालं.

माझे यजमान ठाण्याच्या कचेरीत कारकून. त्यांना झांजिबारला एका व्यापाऱ्याच्या पेढीवर चांगली नोकरी लागली आणि आमचं बिऱ्हाड हलायचं ठरलं… हे, मी आणि आमची चार वर्षांची ठकू. कितीतरी दिवसांचा आगबोटीचा प्रवास, राज्य कुणा सुलतानाचं, बोली परकी.

घरच्यांना हे पसंत नव्हतं. मामंजी एवढंच म्हणाले, "समुद्र ओलांडलात की परत आमच्या पंक्तीला बसता येणार नाही." रागावून म्हणाले असते तर बरं वाटलं असतं… ते अगदी हळू बोलले.

त्यात हे घराचं आलं. कल्याणचे हसनमिया लवंगांचे व्यापारी. वीस वर्षं तिकडे काढून म्हातारपणी परत आलेले, तिथलं घर कुलूप लावून पडलेलं. ते आम्हाला विकायला तयार झाले. हे खूश… परमुलखात बायकामुलांना घेऊन जागा शोधत फिरायला नको!

मला मात्र ते पटेना. त्या घरासाठी माझं कोलशेतचं शेत विकायचं होतं. मी एकुलती एक, म्हणून वडिलांनी मला दिलेलं. ते गेलं की परत यायला मागे काहीच उरणार नव्हतं.

कागद सगळे अरबी अक्षरात. यांनी ते उलटेसुलटे करून पाहिले आणि परत घडी घातली. वर कचेरीतल्या कुणीतरी सांगितलं, एकानं रंगूनला असंच न बघता घर घेतलं… जाऊन पाहतो तर नुसता नदीचा काठ!

सह्या सोमवारी व्हायच्या होत्या. शुक्रवारी मी यांना म्हटलं, "मला घर बघायचंय."

"अगं, समुद्रापलीकडे आहे ते. बघणार कसं?"

"मग ज्या बाईनं तिथे चूल पेटवली, तिला तरी बघू दे."

 हे म्हणाले, "चल."

खाडीकडच्या मोहल्ल्यात हसनमियांचं घर. हे बाहेर त्यांच्याशी बोलत बसले, मी आत गेले. अमीनाबी, त्यांच्या बीबी… उंच, हाडापेरानं मजबूत, केस पांढरे. मी त्यांच्याकडचं पाणी घेणार नाही हे ओळखून त्यांनी शहाळं पुढे केलं.

मी विचारलं, "घर कसं आहे हो?"

सांगायला लागल्या, पण शब्द पुरेनात. मग उठल्या, मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. चुलीतला कोळसा घेऊन फरशीवर रेघा मारल्या आणि त्या रेघांमधून चालायला लागल्या.

"हे दार. हा सोपा. इथं समुद्राकडची खिडकी… दुपारी बंद ठेव, ऊन आत येतं." पुढे एका रेघेपाशी त्यांनी मान वाकवली आणि मगच पलीकडे पाऊल टाकलं. वर तर मोकळं आभाळ होतं! "हे स्वैपाकघराचं दार, बाय. ठेंगणं आहे… कपाळ किती वेळा आपटलं माझं."

 घर होतं. नक्की होतं… नसलेल्या चौकटीला कुणी एवढं सहज वाकत नाही.

पण शेवटच्या चौकोनापाशी त्या थांबल्या. आत पाऊल टाकीनात.

"ही खोली?"

त्यांनी कोळसा खाली ठेवला. "तुला पोर आहे?"

"आहे. चार वर्षांची."

"मग ऐक. मियांनी सांगू नको म्हटलंय, सौदा मोडेल म्हणून. तिथल्या अंगणातली विहीर पावसात बिघडते. आम्हाला उशिरा कळलं… माझी झुबेदा पाच वर्षांची होती. या खोलीतच गेली." मग माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "ते पाणी पोरीला देऊ नको. मशिदीपुढच्या विहिरीचं आण, उकळून दे. शपथ घे माझी."

मी शपथ घेतली. 

निघताना त्या म्हणाल्या, "आणखी एक. सहा वर्षं ती खोली मी बंद ठेवली. तू ठेवू नको. तुझ्या पोरीला निजव तिथं."

मियांचा निरोप घेऊन रस्त्याला लागल्यावर यांनी विचारलं, "काय मग?"

"घर आहे. विहीर वाईट आहे. घेऊ या."

"वाईट आहे म्हणून घ्यायचं?"

"वाईट आहे हे सांगणारं माणूस आहे म्हणून."

सोमवारी सह्या झाल्या. शेत गेलं. वैशाखात आम्ही इथे, झांजिबारला आलो.

पहिल्याच पावसात ठकूला ताप आला. उकळलेलंच पाणी देत होते, तरी आला. तीन दिवस मी जागची हलले नाही, चौथ्या दिवशी तिनं भात मागितला… मी पातेल्यासमोर बसून रडले.

यांना घरचं पत्र अजून आलेलं नाही. त्याचं दुःख आहेच. पण मागच्या टपालानं मी अमीनाबींना दोन ओळी लिहिल्या. त्यांना वाचता येत नाही, मियाच वाचून दाखवतील… म्हणून विहिरीचं काही लिहिलं नाही.

एवढंच लिहिलं, की ठकू त्या खोलीत गाढ निजते आणि सकाळी तिला उठवताना मला फार हाका माराव्या लागतात.