दिव्यांना टोप्या

लेकी माहेरी येतात सणाला, जत्रेला. मी येते अवसेला. वडगाव रासाईच्या आमच्या वस्तीवर यावरून माझी इतकी थट्टा झाली आहे, की एखाद्या खेपेला कुणी काही बोललं नाही तर मलाच चुकल्यासारखं होतं. त्यात आमचं घर पौर्णिमा पाळणारं. पांढरी साडी नेसून विहारात जायचं ते पौर्णिमेला. आई म्हणायची, "समदं जग चांदण्याला भुलतं, आन् आमची पोर अंधाराला." पण मला फोटो काढायचे असतात ते लांबच्या, फिकट दीर्घिकांचे, आणि चंद्र वर असला की त्या अशा धुऊन जातात की होत्या का नव्हत्या कळू नये. त्यामुळं मला अवसच लागते.

मी राहते कारेगावला. रांजणगावच्या एका कारखान्यात पत्रा वाकवायच्या मशिनवर आहे. कुठला पत्रा किती वाकवला की परत किती उलगडणार, हे माझ्या हाताला कळतं, आणि हे मी फुशारकी म्हणूनच सांगते आहे. आकाशाचं वेड नंतरचं. दुर्बीण हातभर लांबीची, जुनी, दुसऱ्याची वापरलेली. तिला डोळ्याच्या जागी कॅमेरा जोडलेला. त्याच्या पोटात तांबडा उजेड अडवणारी एक काच असते, ती काढून टाकली आहे, कारण आकाशातल्या पुष्कळ सुंदर गोष्टी नेमक्या त्याच तांबड्या उजेडाच्या असतात. सगळ्याच्या खाली मोटर बसवलेली बैठक. पृथ्वी फिरते त्याच्या उलट ती दुर्बीण फिरवत राहते, म्हणून तारे ठिपके राहतात, त्यांच्या रेघा होत नाहीत. भीमेकाठचं दव भिंगावर बसू नये म्हणून भिंगाभोवती गुंडाळायचा हीटर मी जुन्या स्वेटरच्या बाहीत शिवला. पहाट फुटली की दुर्बिणीच्या तोंडावर आईच्या पांढऱ्या साडीचा तुकडा ताणून आणखी थोडे फोटो घ्यायचे. त्यात धुळीचे डाग तेवढे उतरतात, आणि मग कॉम्प्युटर त्या मापानं खरे फोटो साफ करतो. "आईचं लुगडं आभाळाला नेसवतीय," असं दादा म्हणतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वस्तीवर तो आणि वहिनी राहतात.

मला हवी होती त्रिकोण नावाच्या तारकासमूहातली दीर्घिका. देवयानी दीर्घिका तर सगळेच काढतात. ती मोठी आणि उजळ आहे, कुणाच्याही हाताला लागते. त्रिकोणातली अगदी लाजाळू. मधला गोळा दिसतो, पण तिचे वळत गेलेले हात आणि त्या हातांवरचे गुलाबी ठिपके, जिथं नवे तारे जन्मतात, ते काळ्याकुट्ट आकाशाशिवाय उतरत नाहीत. आमच्या वस्तीइतकं काळं आकाश मला कारेगावपासून जवळपास कुठंच मिळालं नव्हतं.

आणि मग वस्तीवर बिबट्या आला.

आमच्याकडं त्याला वाघच म्हणतात. उसात राहतो, उसातच पिलं घालतो, आणि ऊस तर नदीच्या अलीकडं पलीकडं, दौंडच्या हद्दीपर्यंत सगळीकडं. वहिनीची गाभण शेळी त्यानं दावणीवरून नेली. शेळ्या वहिनीच्या स्वतःच्या. दादाचा ऊस, दादाचे बैल, पण शेळ्यांना हात लावायचा तर वहिनीला विचारून. ती शेळी गेली ती वहिनीच्या जिव्हारी लागली. मग तिनं गोठ्यासमोरच्या खांबावर पांढरा एलईडीचा फोकस लावून घेतला आणि त्याचं तोंड उसाकडं वर करून ठेवलं. उजेड जितका लांब जाईल तितका वाघ लांब राहील, असा हिशोब. महिन्याभरात वस्तीतल्या सगळ्या घरांवर तसेच फोकस आले. सगळ्यांची तोंडं वर.

पूर्वी रस्त्यावर पिवळे दिवे होते, त्यांचा उजेड कॅमेऱ्यापुढचा माझा फिल्टर अडवायचा. या पांढऱ्या उजेडात सगळेच रंग मिसळलेले. तो अडवायचा तर दीर्घिकेचाही अडतो. फोटोत एका कोपऱ्यातून दुधाळ उजेड आत पसरलेला दिसायचा. तो पुसायला सॉफ्टवेअर असतं, मी पुसत बसायचे. रविवारच्या रविवार लॅपटॉपसमोर. साठवलेले सगळे फोटो एकावर एक रचायचे, त्यातून खरा उजेड वर येतो आणि कॅमेऱ्याची खरखर खाली बसते. तिथवर ठीक. पण दुधाळ उजेड काढायला गेलं की दीर्घिकेचे हातही निघून जायचे. सॉफ्टवेअरला तरी काय कळणार, कुठला फिकटपणा दिव्याचा आणि कुठला ताऱ्यांचा? सुपातून कोंडा पाखडताना दाणेही उडून जावेत, तसं चाललं होतं. मी चिडून लॅपटॉप मिटायचे. नवरा चहा आणून ठेवायचा आणि लगेच निघून जायचा. शहाणा आहे.

दादानं मला खूश करायला एकदा म्हटलं, "अवसेला दोन तास दिवं बंद ठेवू की. सांगतो मी समद्यांना."

वहिनी तिथंच भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "सांगा. आन् मग शेळ्या मोजायला बी तुम्हीच या."

मला दादाचा राग आला, वहिनीचा नाही. आपल्या फोटोसाठी दुसऱ्याच्या गोठ्यातला दिवा विझवायला सांगणारी मी नव्हे. मी तसं बोलूनही टाकलं. पण सामान बांधून अंगणात उभी राहिले आणि वर बघत राहिले. एकच जागा होती माझी, तीही गेली.

त्याच संध्याकाळी एक गोष्ट ध्यानात आली. दिवेलागणीला वहिनीनं फोकस लावला. मी दारात उभी होते आणि मला गोठा दिसेना. फोकसचं तोंड उसाकडं, तरी त्याचा उघडा उजेड बाजूनं सरळ डोळ्यांत. डोळ्यांवर हात आडवा धरला तेव्हा गोठा दिसला, बांध दिसला, उसाची कडसुद्धा दिसली. हात काढला की पुन्हा सगळं काळं. म्हणजे ज्या दिव्यानं वाघ दिसायला हवा, त्याच दिव्यानं तो झाकला होता. मी हात पुन्हा आडवा धरला आणि मनात म्हटलं, हा हात पत्र्याचा का नसावा?

कारखान्यात कातरलेल्या पत्र्याचे तुकडे भंगारात जातात. साहेबांना विचारून, गेटपास करून चार तुकडे आणले. दिव्याला टोपी केली: वरून आणि बाजूंनी झाकलेली, पुढं पापणीसारखी खाली झुकलेली, आतून शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग. माझ्या दुर्बिणीचंही पोट असंच काळं आहे, वाट चुकलेला उजेड गिळायला. मोठ्या तोऱ्यात बसवली. दोन दिवसांनी दादाचा फोन आला, दिवा गेला म्हणून. मी मागची बाजूही बंद केली होती. दिव्याला वारा लागेना, तापून तो बसला. दादानं उरलेली रात्र गोठ्यात काढली. शेळ्या वाचल्या, पण वहिनीनं फोन हातात घेतला.

"वन्सं, तुमचा जीव आभाळात हाय, मला म्हाईत हाय. पण माझा हितं दावणीला हाय. आता एक जरी करडू गेलं, तर ती दुर्बिणीची नळी उचलायची आन् परत आणायची न्हाई."

"नाही आणणार," मी म्हटलं.

नवा दिवा मी घेऊन गेले. नवी टोपी मागून उघडी ठेवली, वारा खेळेल अशी. दिव्याचं तोंड खाली जमिनीकडं केलं. दादा शिडीवर, मी खालून सांगतेय, वहिनी कमरेवर हात ठेवून उभी. दिवा लागला आणि अंगण भरून गेलं. गोठा, गव्हाण, बांध, बांधापलीकडची मोकळी पट्टी, सगळं एकसारखं उजळलं. डोळ्यांत काही जात नव्हतं. वहिनी अंगणभर फिरून आली, प्रत्येक कोपऱ्यातून गोठ्याकडं बघून आली. "बगू," एवढंच म्हणाली.

पुढचे दिवस माझे वाईट गेले. मशिनवर पत्रा वाकवताना डोक्यात शेळ्या. रोज सकाळी ड्यूटीला जाण्याआधी फोन करायचे. वहिनीच उचलायची आणि मी काही विचारायच्या आत म्हणायची, "हाईत समद्या. जावा कामाला." माझी जागा जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही, की माझ्या हातानं केलेल्या वस्तूमुळं तिच्या दारातून एखादं जनावर जाईल.

एका सकाळी फोन तिचाच आला.

"आला व्हता."

मी लगेच विचारलं, "गेली का एखादी?"

"ऐका तर. बांधावं बसला व्हता. आख्खा दिसला वन्सं, शेपटासकट. इतकं दिस नुसतं डोळं चमकायचं, म्या अंदाजानं वरडायची. काल बगितला तसा पत्र्याचा डबा बडवला. ह्यो उठला आन् गेला उसात. शेळ्या हाईत समद्या." मग म्हणाली, "आन् त्या बाकीच्या घरांच्या दिव्यांना बी टोप्या करा. मी सांगितलंय त्यांना. पत्रा आणून ठिवत्यात."

त्या दिवशी मशिनवर मी एकटीच हसत होते. शेजारचा बिहारी पोऱ्या म्हणाला, "दीदी, लॉटरी लगी क्या?" लागली होतीच. पुढच्या दोन रविवारांत वस्तीवरच्या एकूण एक फोकसला मी टोपी घातली. एकही दिवा आजवर तापून गेलेला नाही, हे इथं मुद्दाम नोंदवते.

कार्तिकातली अवस आली. थंडी पडलेली, हवा निवळ. नदीपलीकडच्या गुऱ्हाळांचा धूरही त्या दिवशी उलट्या दिशेला गेला. जेवणं झाल्यावर मी दुर्बीण लावली, ध्रुवताऱ्यावर बैठक जुळवली, त्रिकोणाकडं तोंड केलं. पहिला फोटो आला, आणि कोपऱ्यातला तो दुधाळ उजेड जवळजवळ गेलेला. थोडासा उरला होता, तो वहिनीच्याच दिव्याचा. तो दुर्बिणीपासून चार पावलांवर, त्याचा उजेड जमिनीवरून उसळून येत होता. तेवढा चालेल, मी मनाशी म्हटलं.

वहिनी मागं येऊन उभी राहिली होती. लॅपटॉपकडं बघून म्हणाली, "ह्यो काय, कोपऱ्यात?"

"काही नाही. तुमचा दिवा आहे. असू द्या."

ती गेली. थोड्या वेळानं खटका वाजला आणि अंगण काळं झालं. मी धडपडत उठले. गोठ्याचं दार लावून घेऊन वहिनी दारातल्या दगडावर बसली होती, बॅटरी मांडीवर, हातात काठी.

"वहिनी, लावा दिवा. मी कधी म्हटलं नाही बंद करा म्हणून."

"तुम्ही न्हाईच म्हणला. शेळ्या माझ्या, दिवा माझा. मी बसलीय. तुम्ही तुमचं काम करा."

दादा तिच्याशेजारी घोंगडी घेऊन येऊन बसला. मी कामाला लागले. फोटोमागून फोटो येत गेले, मी मधूनच गोठ्याकडं बघायचे, आणि अंधारात ती तशीच बसलेली दिसायची. शेवटचा फोटो झाल्यावर तिनं दिवा लावला, दार उघडून शेळ्या मोजल्या आणि झोपायला गेली.

ते फोटो मी कारेगावला रचले. त्या रविवारी मला काही पुसावं लागलं नाही. काळं होतं ते काळंच राहिलं, आणि त्यातून हळूहळू हात वर आले. आधी एक, मग दुसरा, मग त्यांच्यावरचे गुलाबी ठिपके, अगदी कडेपर्यंत. लाखो वर्षांपूर्वी तिथून निघालेला उजेड आमच्या अंगणात उतरला होता आणि मी तो धरला होता. मी नवऱ्याला हाक मारली आणि रडले. माझ्याइतका चांगला फोटो माझ्या माहितीत कुणी काढलेला नाही, असं मी म्हणणार नाही. पण माझ्या माहितीत माझ्यासारखा कुणी काढलेला नाही, हे म्हणणार.

आकाशाचे फोटो काढणाऱ्या आमच्या मंडळींत फोटोखाली साधनं लिहायची पद्धत आहे. दुर्बीण कुठली, बैठक कुठली, कॅमेरा, सॉफ्टवेअर, सगळं. मी ते सगळं लिहिलं. वस्तीवरच्या दिव्यांच्या टोप्याही लिहिल्या. आणि शेवटी लिहिलं, "राखण: माझी वहिनी, हातात काठी." मग वहिनीला फोन लावून तेवढी ओळ वाचून दाखवली. ती खूश होईल असं वाटलं होतं.

तिनं ती ओळ परत वाचायला लावली.

"काठी न्हवती वन्सं," ती म्हणाली. "कोयता व्हता. लिवायचं तर खरं लिवा."

मला वाटलं होतं, ती निवांत बसली होती. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं काठी खोडून कोयता लिहिला.